सेतुरावांच्या मोटारीचा वास

तंजावर ते कुंभकोणम्

तंजावर स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या मोटारीला पेट्रोलचा वास येत होता, अशी माझ्या वहीतली या प्रवासाची पहिली नोंद आहे. दुसरी नोंद अशी की, मोटारीच्या मालकाला तो येत नव्हता.

मालक म्हणजे सेतुराव, कुंभकोणम्‌चे वकील. त्यांची धाकटी मुलगी माझा मावसभाऊ विनायक याला द्यायची ठरली होती. विनायक पुण्यात शाळेत गणित शिकवतो. बाकीचे वऱ्हाड तिसऱ्या दिवशी दुपारी पोहोचणार होते. नवरदेवाने हवापाण्याची सवय व्हावी म्हणून आधी यावे आणि सोबत एक जबाबदार माणूस आणावा, असे सेतुरावांचे पत्र होते. वर्तमानपत्राच्या कचेरीतून मला सुटी मिळाली, म्हणून जबाबदार माणूस मी ठरलो.

सेतुरावांचे पूर्वज मराठी राजांच्या चाकरीत इकडे आले. पुढे राजे गेले, कंपनी सरकारने राज्य खालसा केले, आणि चाकरीतली घराणी वकिली करू लागली. घरात मराठी टिकली आहे, पण ती निघाली तेव्हाची. बखरीतला कारकून कॉफीचा पेला हातात घेऊन समोर बसला आहे, असे पहिला दिवसभर वाटत राहते.

"बसावें," सेतुराव म्हणाले. "गाडी बहुत उत्तम. इंग्रज इंजिनिअराची होती. कालव्यावरचा. तो विलायतेस गेला, गाडी मजकडे आली."

गाडी उघडी होती, मागे कापडी टप. दिवे, भोंगा, पाण्याच्या टाकीचे झाकण, तेलाचा डबा, जे जे पितळी होते त्या प्रत्येकावर टिंबाटिंबांनी सेतुरावांचे नाव मोडीत ठोकलेले होते. पंगतीला उसनी गेलेली भांडी ओळखू यावीत म्हणून आपल्याकडेही नाव घालतात. भोंग्यावर घातलेले मी प्रथमच पाहिले. त्रिचनापल्लीच्या एका कारखान्याने गेल्या दुरुस्तीत त्यांचा चांगला दिवा काढून जुना बसवला होता. त्या दिवसापासून मोटारीतले सगळे पितळ त्यांनी नावाचे करून घेतले.

ड्रायव्हर कदिरवेलु याच घरात लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे घरातलीच मराठी बोलतो. तो तपकीर ओढतो. चाक हातात असतानाही ओढतो, आणि तेवढ्या वेळात गाडी आपल्या मनाने जाते. सुमारे पंचवीस मैलांची वाट दोन्ही बाजूंना भातशेतीतून आहे. मध्येच पाटाचे पाणी रस्त्याच्या बरोबरीने वाहते. पापनाशम्‌ला चाकात हवा भरण्यासाठी थांबलो, तेव्हा गाडी पाहायला जवळ आलेल्या एका गृहस्थाने दोनदा नाक ओढले, हातातली विडी पायाखाली चिरडली आणि तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

"वास येतो," विनायक म्हणाला.

"कोठें?" सेतुराव म्हणाले.

"सगळीकडे."

सेतुरावांनी कदिरवेलूकडे पाहिले. कदिरवेलूने दीर्घ श्वास घेतला, डोळे मिटले, विचार केला. "कांहीं नाहीं, सामी," तो म्हणाला, आणि तपकिरीची डबी उघडली.

कुंभकोणम्, पहिली संध्याकाळ

गावात देवळे इतकी की पत्ता सांगताना घराचा नंबर कोणी विचारत नाही, कोणत्या गोपुराची सावली पडते ते विचारतात. सेतुरावांच्या घरापुढे लांब ओटा आहे. त्याच्याशी काटकोनात, रस्त्याच्या मातीवर, मोटार उभी राहते. घरात सेतुरावांच्या थोरल्या बहिणीची सत्ता चालते. त्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसेसुद्धा.

जेवणात वांग्याची भाजी चिंचेत आणि नारळात शिजवलेली होती. पुरणपोळी होती, पण तिला नुसते पोळी म्हणतात. आपली पोळी मागितली तर पुरणाची आणखी एक पडते. विनायकाला हे कळेपर्यंत पाच पडल्या होत्या.

जेवण झाल्यावर मुत्तय्या आला. हा गॅसबत्त्या वाहणाऱ्यांचा मुकादम. इकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला उघड्या मोटारीत बसवून, वाजंत्री लावून, गावातून फिरवतात. त्या मिरवणुकीला जानवासम् म्हणतात. आपल्याकडची वरात लग्न लागल्यावर, नवरानवरी दोघांची. ही लग्नाआधी, नवऱ्या एकट्याची. मोटारीच्या दोन्ही अंगांना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे चालतात आणि पुढे दारूकाम चालते. फौजदाराचा परवाना आलेला होता. तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ नेमली होती.

मुत्तय्या मोटारीजवळ गेला, वाकला, आणि मागे सरकला. तो तमिळमध्ये बोलला. सेतुरावांनी भाषांतर केले.

"म्हणतो, किंचित् वास आहे."

मुत्तय्या आणखी बरेच बोलला. हात डोक्यावर नेऊन त्याने फुटणाऱ्या वस्तूचा आवाज काढला.

"म्हणतो, आणखी किंचित् आहे."

कदिरवेलूने उरलेले सांगितले. "म्हणतो, माझ्या माणसांच्या डोकीवर जाळ, गाडीच्या पोटांतून पेट्रोल. दिवे हवे कीं गाडी, येक सांगा. दोन्ही नाहीं."

सेतुराव ओट्यावर बसले. दिवे नसतील तर जावई अंधारात गावात फिरणार. गाडी नसेल तर गेला महिनाभर कोर्टात ज्यांना ज्यांना सांगितले, ते सगळे वकील रस्त्याच्या कडेला उभे राहून रिकामी जागा पाहणार. घोड्याची बग्गी मिळत होती, पण तीत गेल्या हंगामात त्यांच्याच विरुद्ध पक्षाच्या वकिलाचा जावई बसला होता.

"दोन दिवस आहेत," ते म्हणाले. "वास कोठून येतो, याचा तपास करूं."

विनायकाला गाडी जळण्याच्या शक्यतेबद्दल कोणी मत विचारले नाही. तो गाडीत बसणार होता.

दुसरा दिवस

तपास वकिलाच्या घरी कसा होतो ते सकाळी सात वाजता पाहायला मिळाले. सेतुराव ओट्यावर बसले आणि घरातल्या एकेकाला मोटारीपाशी पाठवून त्याची जबानी घेऊ लागले. स्वयंपाक्याच्या मते वास हिंगाचा होता. पाणक्याच्या मते मद्रासचा. तो एकदा मद्रासला गेला होता. सेतुरावांच्या कारकुनाने वास आहे असेही सांगितले नाही, नाही असेही नाही, मालकांना काय योग्य वाटते ते विचारले. कदिरवेलूची साक्ष शेवटी झाली. त्याने शिंकून ती पुरी केली.

"या सर्वांवरून," सेतुराव म्हणाले, "वास असल्याचें सिद्ध होत नाहीं."

"मामा, माझ्या धोतराला येतोय," विनायक म्हणाला. इकडे सासऱ्याला मामा म्हणतात.

याच वेळी अक्का आतून आल्या. इकडे न्हाल्यावर बायका केस धुपाच्या धुरावर वाळवतात. धूप घरात रोज असतो. अक्कांच्या हातात त्याची शेगडी होती. निखारे लालभडक होते आणि त्यांवर मूठभर धूप टाकलेला होता.

"येवढा धूर गाडीखालीं ठेवितें," त्या म्हणाल्या. "कसला वास राहतो, पाहूं."

त्या पायऱ्या उतरल्या. मोटार चार पावलांवर होती. मी उठलो, पण विनायक जवळ होता. त्याच्या हातात कॉफीचा पेला होता, तो त्याने शेगडीत रिकामा केला. मग माझा केला. मग सेतुरावांचा, जो सेतुराव सोडत नव्हते. शेगडी विझली. कॉफीचा आणि धुपाचा मिळून जो वास आला, त्यात पेट्रोलचा खरोखरच काही क्षण कळला नाही.

"जांवयानें माझा धूप विझविला," अक्का म्हणाल्या. "लग्नाआधीं."

"अक्का, भडका उडाला असता!"

"सांबर करतां निखारे असतात, भडका उडतो काय?"

दुपारपर्यंत त्या विनायकाशी बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या त्या तोडगा सांगायला. वास हा राहूचा, आणि राहूचे देऊळ जवळच, तिरुनागेश्वरम्‌ला. सेतुराव तपासात थकलेले होते. त्यांनी मान्य केले. आम्ही चौघे मोटारीतून गेलो. देवाला दुधाचा अभिषेक झाला. पुजारी प्रसाद द्यायला मोटारीपर्यंत आला आणि प्रसाद दुरून, हात लांब करून दिला.

या फेरीतून माझ्या वहीत एकच कामाची ओळ आली. गाडी चालू असताना वास कमी असतो. थांबली की दहा मिनिटांत वाढतो. मी खाली वाकून पाहिले. माती कोरडी होती. जिथून गळते तिथे ओल हवी, आणि ओल कुठेच नव्हती. गळती नाही पण वास आहे, हे वर्तमानपत्रात छापायला सोपे असते, मोटारीत बसून मान्य करणे कठीण.

तिसरा दिवस

सकाळी सहाला अक्कांच्या ओरडण्याने जाग आली.

आपल्याकडे मोठ्या प्रसंगी नवऱ्या मुलाच्या पाटाभोवती रांगोळी घालतात. अक्कांचे म्हणणे असे की जावयाचा पाट यंदा मोटार आहे. त्यामुळे गेला महिनाभर त्या रोज पहाटे चौघांकडून मोटार मागे ढकलवून घेत, रिकाम्या जागी तांदळाच्या पिठाची रांगोळी काढत आणि मोटार पुन्हा तिच्यावर उभी करवत, दोन चाके डावीकडून, दोन उजवीकडून, मधली रेघही न मोडता. ही इकडची ठिपक्यांची रांगोळी, तिला कोलम म्हणतात. आधी ठिपक्यांच्या ओळी, मग एकेका ठिपक्याला वळसा घालणारी न तुटणारी रेघ. मोटार दिवसभर वर उभी असल्यामुळे ती कोणाला दिसत नाही. ती दिसण्यासाठी नसतेच.

आज पहाटे कोलम लवकर काढून झाला होता. मिरवणुकीसाठी मोटार धुवायची म्हणून कदिरवेलूने ती हात-दोन हात मागे घेतली, आणि अक्कांना त्यातला एक ठिपका मोडलेला दिसला.

"पुन्हा!" त्या म्हणाल्या. "रोज तोच! कदिरवेलु, डोळे कपाळांत आहेत कां पाठीस?"

"मी पाय ठेविला नाहीं, अक्का."

"हा अंगठा कोणाचा मग?"

कदिरवेलूने अंगठा ठिपक्याच्या खड्ड्याशेजारी टेकवून दाखवला. अंगठा चौपट मोठा होता. अक्कांनी वाकून मोजमाप मान्य केले आणि संशय मुंग्यांवर नेला.

मी विचारले, "रोज हाच ठिपका?"

"महिना जाहला. चौथी ओळ, डावीकडून तिसरा. बाकी अवघे जसेच्या तसे."

मोटार पुन्हा जागेवर ढकलायला सांगितली. विनायक आणि मी मातीत पालथे पडलो. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी असे पडणे तिथे नवीन असावे, कारण समोरच्या ओट्यावर माणसे जमली. मी घड्याळ धरले. दोन मिनिटांनी वरून एक थेंब पडला, नेमका त्या ठिपक्यावर. पिठात लहान खळगा झाला. आम्ही पाहत असताना ओल उडून गेली आणि खळगा तेवढा राहिला.

"पेट्रोल," विनायक म्हणाला. "थेंब एवढासा. पडतं आणि उडतं. म्हणून ओल नाही."

तपासात जबानी न झालेला एकमेव साक्षीदार तो ठिपका होता.

थेंबाच्या सरळ वर कार्ब्युरेटर होता. त्यात एक लहान वाटीसारखी टाकी असते, आणि त्या टाकीत पितळेचा पोकळ तरंगा. पेट्रोल भरले की तरंगा वर येऊन आत येणारी वाट बंद करतो, नाहीतर ते उतू जाते. कदिरवेलूने झाकण काढले. पेट्रोल काठोकाठ होते आणि तरंगा तळाशी बसला होता. त्याने तो बाहेर काढून कानाशी हलवला. आतून डुचमळल्याचा आवाज आला.

"यांत पेट्रोल असावें काय?" सेतुरावांनी विचारले.

"नाहीं, सामी. यांत वारा असावा."

मग तो सगळ्यांच्या हातातून फिरला. लिंबाएवढा, कागदासारख्या पातळ पितळेचा. त्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी, अगदी सुरेख वळणाने, सेतुरावांचे नाव ठोकलेले होते.

सेतुरावांनी चष्मा काढून पुसला.

"पितळ होतें," ते म्हणाले. "कारखानेवाले बदलतील म्हणोन..."

कुंभकोणम्‌ला पितळेचे काम करणाऱ्यांची आळीच आहे. समया, घंटा आणि तांबे सकाळपासून ठोकले जात असतात, त्यामुळे बोलायचे ते दोन ठोक्यांच्या मध्ये. चोक्कलिंगम् या म्हाताऱ्या तांबटाने नाव घातले होते, त्याच्याचकडे आम्ही गेलो. त्याने तरंगा हलवला, मग शेजारच्या लग्नघरच्या आचाऱ्याकडून कढत पाण्याची पातेली मागवली. तरंगा त्यात दाबून धरल्यावर पोटावरच्या एका टिंबातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.

तांबट पाहत राहिला. मग तमिळमध्ये दोन शब्द बोलला.

"काय म्हणतो?" मी विचारले.

"म्हणतो, हें टिंब माझेंच," सेतुरावांनी सांगितले. या वेळी त्यांनी काही गाळले नाही.

आतले पेट्रोल वाफ होऊन जाईपर्यंत तरंगा पाण्यातच ठेवला. भाता आणि शेगडी बरीच लांब, आळीच्या दुसऱ्या तोंडाला नेण्यात आली. हे मी सुचवले आणि विनायकाने उचलून नेली. तीर्थाच्या लहान लोट्यांची तोंडे डाग देऊन बंद करण्यात चोक्कलिंगम्‌चा जन्म गेलेला. त्याने सांगितले, तिथे पाणी बाहेर येता कामा नये, इथे आत जाता कामा नये. काम तेच, बाजू उलटी. कल्हईच्या थेंबाएवढा डाग देऊन त्याने तो घासून सपाट केला. जड झाला तर तरंगणार नाही, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. पुन्हा कढत पाणी. बुडबुडा नाही.

इतके झाल्यावर त्याने शांतपणे छिन्नी आणि हातोडी उचलली.

"काय करतोय?" विनायक ओरडला.

सेतुरावांनी विचारले. "म्हणतो, डागानें टिंब बुजलें. नांव अपुरें जाहलें. लग्नाच्या कार्यांत अपुऱ्या नांवाचें भांडें कसें द्यावें? पुन्हा ठोकतो. या खेपेस हलकें."

छिन्नीचे टोक डागावर टेकलेले होते. दुपारच्या गाडीने वऱ्हाड येणार होते, आणि सूर्य मावळायला काही तास होते. चोक्कलिंगम् हातोडी उचलून मालकाच्या शब्दाची वाट पाहत होता. सेतुरावांनी आपल्या नावाकडे बराच वेळ पाहिले. भोंग्यावर, दिव्यांवर, घरातल्या प्रत्येक तांब्यावर ते पुरे होते.

"राहूं द्या," ते शेवटी म्हणाले. "तेवढें टिंब नसलें तरी चालेल."

जानवासम्

संध्याकाळी मुत्तय्या आला. त्याने बॉनेट उघडायला लावले, हुंगले, खाली वाकून हुंगले, विनायकाचे धोतरही हुंगले. समाधान झाले नाही. मग त्याने एक गॅसबत्ती दूर पेटवली आणि सेतुरावांच्या हातात दिली.

"म्हणतो, धन्यानें आपण न्यावी," कदिरवेलूने सांगितले.

सेतुराव जरीचे अंगवस्त्र सावरत, फुसफुसणारी बत्ती हातभर पुढे धरून आपल्याच मोटारीकडे चालत गेले. समोरच्या ओट्यावर वकील मंडळी आलेली होती. दहा पावलांवर ते थांबले. विनायक मोटारीत हार घालून बसलेला होता. तो उतरला नाही, ही त्याची धिटाई की हारांचे वजन, हे मी विचारले नाही. सेतुराव शेवटची पावले चालले. बत्ती बॉनेटवर आली. काही झाले नाही. मुत्तय्याने मान हलवली. उरलेल्या बत्त्या पेटल्या.

नागस्वरवाले, म्हणजे इकडचे सनईवाले, पुढे झाले. कदिरवेलूने पेट्रोलचा नळ बंद केला, किल्ली काढून कनवटीला लावली, आणि आठ जणांनी मोटारीला मागून हात लावले.

मी त्याच्याजवळ गेलो. "इंजिन चालू नाही करायचं?"

"जानवासाला? नाहीं, सामी. वाजंत्रीवाले दर कोपऱ्यास उभे राहतात. इंजिन इतकें हळू चालत नाहीं. गाडी नेहमी ढकलूनच नेतात."

"मग पेट्रोल काढून टाकलं असतं, तर?"

"तरी चाललें असतें."

"हे सांगितलं का नाहीस?"

कदिरवेलूने तपकीर ओढली. "मला वासाचें विचारलें. मला वास येत नाहीं."

मिरवणूक गावातून फिरली. सेतुराव पुढच्या बाजूला बसून दोन्हीकडे नमस्कार करत होते.

दुसऱ्या दिवशी लग्न लागले आणि नवरानवरी देवळात जायला निघाली, इंजिन चालू करून. मोटार हलली तसे अक्का पायऱ्या उतरून कोलमवर वाकल्या. चौथ्या ओळीतला तिसरा ठिपका तसाच होता. पहाटेपासून मोटार वर उभी असून एकही ठिपका मोडला नव्हता.

अक्कांनी पुन्हा मोजले. त्यांचा चेहरा उतरला. महिनाभर तो ठिपका मोडत होता आणि महिनाभर घरातले प्रत्येक काम सुरळीत पार पडले होते.

"इतकें निर्दोष बरें नाहीं," त्या म्हणाल्या. "दृष्ट लागेल पोरांस."

त्यांनी आजूबाजूला पाहिले, आणि पायाच्या अंगठ्याने तेवढा ठिपका पुसून टाकला.